प्रिंटर नसलेल्या घरातली प्रिंट

अक्का, सप्रेम नमस्कार.

मी खानापूरकडचा, आईची वही घेऊन आलेला रिटायर मास्तर. एकच गोष्ट चार वेळा विचारणारा म्हटलं की आठवेल.

आईच्या जात्यावरच्या ओव्या घरी टाईप करून वर्डची फाईल मी बेळगावात शहापूरला तुमच्या दुकानात आणली होती. उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची नुसती पेरणी! मला वाटलं, सगळी मेहनत पाण्यात. जुन्या मराठी फॉन्टात फाईलच्या आत इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं सोंग चढवतो, आणि फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ते सोंग उतरतं, हे तुम्ही गिऱ्हाइकं थांबवून समजावलंत. पीडीएफ मात्र फॉन्ट बरोबर घेऊन जाते.

“मग करून द्या,” मी म्हटलं. तर तुम्ही, “इथं कसं होणार सर? फॉन्ट तुमच्या घरात हाय. घरातच करायला येतंय की वो.” पुन्हा टाईप करायचे पैसे सांगितले असते, तर मी मुकाट्यानं दिले असते. तुम्ही त्याऐवजी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर पायऱ्या लिहून दिल्यात.

माझ्याकडं प्रिंटर नाही, म्हणून प्रिंटच्या बटणाला मी कधी हातच लावला नव्हता. कंट्रोल आणि पी दाबलं, यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निघालं. विंडोज १० पासून ते आतच असतं म्हणे. इतकी वर्षं घरात होतं आणि मी पीडीएफसाठी बसनं बेळगाव गाठत होतो! पहिली फाईल कुठं सेव्ह झाली ते मात्र अर्धा तास सापडेना. आता नाव देतानाच डेस्कटॉप निवडतो. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर वर्ड नाही, तिथं तुम्ही सांगितलेलं फुकटचं लिब्रेऑफिस घातलंय. त्यात वरच्या पट्टीवर पीडीएफचं बटणच आहे.

वहीच्या पानांचे मोबाईलवर काढलेले फोटो एकत्र निवडून तसेच प्रिंटला दिले, तर ओळींची टोकं कापली गेली. तुमच्या कागदावर तळाला दोनदा अधोरेखित केलेलं होतं : ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ची खूण काढा. काढली, आणि आईचं अक्षर काठापर्यंत आलं. ओव्यांच्या फाईलचे गुणधर्म अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून फॉन्टच्या नावापुढं ‘एम्बेडेड’ शब्दही बघितला. पेपर तपासायची सवय जात नाही.

एक खोट राहिली, तीही तुम्ही आधीच सांगितली होती. या पीडीएफमधली ओवी कॉपी केली की पुन्हा तीच पेरणी. म्हणून उरलेल्या ओव्या युनिकोडमध्ये, म्हणजे फाईलच्या आतही देवनागरीच अक्षरं राहतील अशा पद्धतीनं, टाईप करतोय. हळू होतंय, पण होतंय.

त्या दिवशी वही चाळताना तुम्ही म्हणालात, “आमच्या अज्जीची बीसुकल्लिन पदं, म्हणजे जात्यावरची कन्नड गाणी, अशीच होती, कुणी लिहूनच ठेवली नाहीत.” तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं राहिलं. घरात कुणाला चार-दोन ओळी आठवत असतील तर विचारून ठेवा. मला कन्नड वाचता येतं, टाईप करायचं तेवढं तुम्ही शिकवा. पुढच्या खेपेला कापा फणस घेऊन येतोय. त्या दिवशी तुम्ही एका झेरॉक्सचेच पैसे घेतलेत, आता फणसाला नाही म्हणू नका.

तुमचा,
खानापूरचा मास्तर