शिशुगृहातल्या मावशींना, वहीच्या त्या पानाबद्दल

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

परदेशी दत्तक जाणाऱ्या बाळाबरोबर जाडजूड फाइल येते. तिच्यात बाल अध्ययन अहवाल असतो, वैद्यकीय तपासणी असते, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश असतो, आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारानुसार 'कारा'ने, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, दिलेलं प्रमाणपत्र असतं. यातला एकही कागद कमी पडून चालत नाही. पण घरी पोचल्यावर पहिल्या रात्री पालक शोधतात ते तुम्ही वहीतून फाडून दिलेलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पान. त्या पानासाठी आम्हा सगळ्या दत्तक आईबाबांकडून तुमचे मनापासून आभार.

फाइलीत 'आहार : सामान्य' एवढंच असतं. तुम्ही लिहिता, 'वरणभात अगदी मऊ, वर तूप, गार झाला की तोंड फिरवतो.' तुम्ही लिहिता, 'दूध १२० मिली पाण्यात ४ चमचे, निपलचं भोक मोठं केलंय.' या एका ओळीचं मोल किती आहे ते सांगतो. भारतातल्या डब्यातला चमचा साधारण ३० मिली पाण्याला एक असतो. अमेरिकेतल्या बहुतेक डब्यांतला ६० मिलीला एक. तिकडची पावडर तुमच्या हिशोबाने कालवली तर दूध दुप्पट घट्ट होतं, बाळाला बद्धकोष्ठ होतो, अंगातलं पाणी कमी होतं. उलट झालं तर बाळ अर्धपोटी राहून रात्रभर रडतं. म्हणून नवा डबा आला की नवा चमचा आणि डब्यावरचंच प्रमाण. जुनी पावडर निदान दोन डबे बरोबर न्यायची आणि आठवडा-दहा दिवसांत तयार दुधात हळूहळू नव्याचं प्रमाण वाढवायचं. आणि ते भोक! दुकानातलं लहान भोकाचं निपल तोंडात दिलं की मोठ्या धारेची सवय असलेलं बाळ चिडून बाटली ढकलतं, आणि पालकांना वाटतं दूधच मानवत नाही. तुमची वापरातली बाटली बरोबर आली की हा घोळ होतच नाही.

झोपेचंही तसंच. 'रात्री दिवा चालू असतो, शेजारी दुसरं मूल लागतं' हे वाचलं की सजवलेली वेगळी खोली काही महिने बाजूला ठेवायची हे कळतं. आईबाबांच्या गादीला लागून गादी, मंद दिवा, आणि तुम्ही दिलेला गोधडीचा तुकडा. तो तुकडा पहिले काही आठवडे धुवायचा नाही. त्याच्या कडेला दुधाचा, तेलाचा, तुमच्या खोलीचा जो वास असतो, तेवढीच एक ओळखीची वस्तू त्या घरात असते. न्यू जर्सीचं घड्याळ भारताच्या साडेनऊ-साडेदहा तास मागे आहे. बाळ रात्री दोनला टक्क जागं होतं. अशा वेळी दिवे लावून खेळ मांडायचे नाहीत, अंधुक उजेडात मांडीवर घेऊन बसायचं.

मूल सोपवायची तुमची पद्धत तर प्रत्येक संस्थेने घ्यावी अशी आहे. पालकांनी आधी पाठवलेला फोटोंचा अल्बम तुम्ही रोज दाखवता. नेण्याच्या दिवशी मूल जागं असताना, त्याच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या कडेवरून आईच्या कडेवर देता आणि सांगता, 'ही आई, हिच्याबरोबर जायचं.' झोपेत उचलून नेलेलं मूल पुढे कितीतरी रात्री झोपायलाच घाबरतं. तुमच्या पोटात कालवत असताना तुम्ही हे शांतपणे करता, हे आम्हाला ठाऊक आहे.

'कोणाकडेही जातं, रडत नाही' असं तुम्ही लिहिता तेव्हा नातेवाईक खूश होतात. ते लगेच रुळल्याचं लक्षण मानू नये. तुमच्या दोन हातांना आठ-दहा बाळं. रडून कोणी लगेच येत नाही हे मूल शिकलेलं असतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने भरवणं, अंघोळ, उचलून घेणं, पडलं की जवळ घेणं हे फक्त आईबाबांनी करायचं, रडलं नाही तरी जवळ घ्यायचं. आजी-आजोबांनी खेळावं, गोष्ट सांगावी, पण घास भरवू नये. आपल्या घरांत हे सांगणं जड जातं, तरी सांगावंच. उशीखाली बिस्किटं लपवली तर रागवू नये. हाताला येईल असा त्याचा स्वतःचा डबा भरून ठेवावा आणि दर दोन-अडीच तासांनी खायला द्यावं.

तुम्ही लिहिलेले शब्द तर आम्ही फ्रिजवर लावतो. शू, शी, मम्मं, नको. मूल विदर्भातलं असेल तर 'मले' म्हणजे मला, 'काहून' म्हणजे का. मराठी घरातसुद्धा हे शब्द चटकन कळत नाहीत, आणि मराठी नसलेल्या घरात तर दोन-तीन वर्षांचं मूल काही महिन्यांत ते सगळे विसरतं. ते नव्या आईलाही 'मावशी'च म्हणतं, कारण जवळ घेणाऱ्या बाईचं नाव त्याला तेवढंच माहीत असतं. त्याला टोकू नये.

डॉक्टरांकडे तुमच्या तीन ओळी फार उपयोगी पडतात. 'कमरेवर जन्मापासून निळसर डाग' : हे पहिल्याच भेटीत नोंदवून फोटो ठेवावा, नाहीतर पाळणाघरात कोणी ते माराचे वळ समजतं. 'बीसीजी दिली, डाव्या दंडावर व्रण' : बीसीजी या क्षयाच्या लशीमुळे क्षयाची त्वचा-चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून दोन वर्षांवरच्या मुलासाठी रक्तचाचणी मागावी. तिसरी, कोणता दात कोणत्या महिन्यात आला. सापडलेल्या बाळाची जन्मतारीख अंदाजाची असते. भारतातून स्वीडनला दत्तक गेलेल्या मुलींच्या अभ्यासात पाळी येण्याचं मध्यक वय ११.६ वर्षं, म्हणजे नेहमीपेक्षा लवकरचं, निघालं होतं. पुढे मुलगी लवकर वयात येऊ लागली तर हे खरंच लवकर आहे की वयाचा अंदाज चुकला, हे ठरवताना तुमची दातांची नोंद कामी येते.

नियमाप्रमाणे दोन वर्षं मुलाचे अहवाल फोटोंसह पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. ते संगणकावर चढतात आणि तुमच्यापर्यंत बहुधा पोचत नाहीत. संस्थेतल्या ताईंना आमची विनंती आहे की प्रत्येक अहवाल मावशींना वाचून दाखवावा, फोटो त्यांच्या हातात द्यावा.

आणि तुमच्याकडे एक मागणं. झोपवताना तुम्ही जे गुणगुणता ते पानावर लिहिता येत नाही. पुढच्या बाळाच्या वेळी ताईंच्या मोबाइलवर दोन मिनिटं तेवढं म्हणून द्याल?

तुमच्या बाळांचे,
दूरदेशीचे आईबाबा