भाकरी डब्यातून काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ‘किटो’वरचा, म्हणजे धान्य जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणाऱ्या आहारावरचा, लेख वाचला. पोट कमी करायला निघालेल्या माणसासाठी तो ठीक असेल. पण त्याचं कात्रण आमच्या मैदानावर एक मुलगी घेऊन आली, म्हणून हे पत्र.

नाशिकला मी लांब पल्ल्याच्या मुलामुलींचा सराव घेतो. दिवाळीनंतर तीन हजार मीटर पळणाऱ्या एका मुलीचा वेग चौथ्या फेरीनंतर पडायला लागला. ८५ सेकंदांची फेरी ९४ वर जायची. ताप नाही, दुखापत नाही. शेवटी डबा उघडायला लावला. पनीरचे तुकडे, दहा-बारा बदाम, काकडी. भाकरी कुठंय म्हटलं, तर, “सर, कार्ब्स बंद केलेत.” घरी बाजरीची पोती, तीही वडिलांनीच पिकवलेली!

ऑस्ट्रेलियात क्रीडा-आहारतज्ज्ञ लुइझ बर्क यांच्या गटाने हे तपासून पाहिलंय. चालण्याच्या शर्यतीतले जागतिक दर्जाचे खेळाडू घेतले, तीन आठवडे कसून सराव दिला. धान्य-फळं खाणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली, किटोवाल्यांची नाही. त्यांच्या अंगात चरबी भरपूर जळत होती, तरीही. कारण चरबीवर तोच वेग राखायला प्राणवायू जास्त लागतो, आणि शर्यतीत तुटवडा असतो तो त्याचाच. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. पुढे प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही निकाल तोच आला.

वेगळा आहार म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. (मी स्वतः जन्माचा शाकाहारी.) अमेरिकी धावपटू कार्ल लुईसने १९९१ साली टोकियोत १०० मीटरचा ९.८६ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा तो व्हीगन होता, म्हणजे दूध-अंडीही न खाणारा. दूधही सोडणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी मात्र चुकवू नये. आणि मुलींचं फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासायलाच हवं. डाळ-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला ताटात लिंबू लागतं, आणि जेवणाच्या अगदी आगेमागे चहा घेतला की त्यावर पाणी पडतं. आमच्याकडे सरावानंतर चहा आधी, जेवण मागून. तो क्रम मोडायला मला वर्ष लागलं.

ती मुलगी आता दोन भाकऱ्या आणते. परवा सातवी फेरी ८६ मध्ये आली. असे लेख छापताना ते कोणासाठी आहेत, एवढं शीर्षकाखाली ठळक छापावं, ही विनंती.

आपला,
एक प्रशिक्षक, नाशिक