होडी आधी कुठे पाठवायची?

मा. संपादक,

सोलापूर जिल्ह्यातल्या सीना नदीच्या पुरानंतर पंचनामे आणि भरपाईच्या रकमेवर भरपूर चर्चा झाली. सप्टेंबर २०२५ मधल्या त्या दिवसांत होड्या, ट्रॅक्टर, चारा आणि शिधा आधी कुठे पाठवायचा हे कसे ठरत होते, यावर मात्र कोणी बोलत नाही. महसूल खात्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे पद्धत ठाऊक आहे. फोन येतो, वहीत टिपला जातो. ज्याचा फोन लागतो आणि ज्याच्या पाठीशी पुढारी असतो, त्याचा नंबर आधी. ज्या वस्तीवरचा टॉवरच बंद पडला, ती वहीत येतच नाही.

पाणी किती येईल याचा हिशेब करणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या धरणांच्या विसर्गाचा निर्णय सोपा व्हावा म्हणून जलसंपदा विभागाने संगणकीय प्रणाली उभारली आहे. बचाव साहित्याची नोंद ठेवणारे इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्कही २००३ पासून आहे. आता पाणी, रस्ते, माणसे आणि साहित्य एकत्र मांडून ‘ही होडी या वस्तीला’ असे सुचवणारी प्रणाली जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात हवी.

लांबोटीला पुणे महामार्ग आणि वडकबाळजवळ विजयपूर महामार्ग बंद झाला, तेव्हा नकाशावर हाकेच्या अंतरावरचे गावही लांब पडले. अशा वेळी किलोमीटर नव्हे, पोहोचायला लागणारा वेळ मोजावा लागतो. शिवाय नुसती डोकी मोजली तर मोठ्या गावाचाच नंबर लागणार आणि बांधावरची चार घरे कायम शेवटी राहणार. म्हणून अंथरुणाला खिळलेले म्हातारे, बाळंतीण, डायलिसिसचा पेशंट यांना वेगळे वजन द्यावे लागेल.

आणि जनावरे! दावणीची म्हैस सोडून शेतकरी होडीत बसत नाही. होडी रिकामी परतते आणि रात्री पुन्हा फोन येतो. चारा आणि उंचावरची दावण यांची सोय होडीच्याच हिशेबात धरली नाही, तर फेरी वाया जाणार. हे पुण्यात बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोण सांगणार? पोलीस पाटील आणि तलाठ्यांना त्या कामात बसवा.

एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून येते. तोवर उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या मच्छीमारांच्या होड्या कामी येऊ शकतात. पण कोणत्या गावात किती, इंजिन चालू आहे का, चालवणारा कोण, ही यादी दर मे महिन्यात ग्रामपंचायतीने ताजी केली तरच. जुनी यादी असेल तर संगणक फक्त चुकाच अधिक वेगाने करील.

अंतिम निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचाच असावा, कायद्यानेही तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत. प्राधान्याचे निकष मात्र पावसाळ्याआधी चावडीवर लावावेत. प्रणालीने सुचवलेला क्रम बदलला तर कोणी आणि का बदलला, एवढी एक ओळ नोंदवावी. पूर ओसरल्यावर ग्रामसभेत ती वाचून दाखवायला हरकत नसावी.

— एक निवृत्त महसूल कर्मचारी, जुळे सोलापूर