बाबा, ती गाठ आपोआप जाणार नाही

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, जांघेतल्या गाठीचं आईकडून कळलं. तुम्ही स्वतःहून काही सांगितलं नसतंत. जागाच अशी की माणूस डॉक्टरांपुढेही विषय काढत नाही. पण चार पुरुषांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी जांघेतला हर्निया होतोच, तेव्हा लाजायचं कशाला?

आई म्हणाली, उभं राहिलं किंवा खोकलं की फुगवटा दिसतो, आडवं पडलं की नाहीसा होतो. ही हर्नियाचीच खूण. जांघेत पोटाच्या भिंतीची एक जागा मुळातच कच्ची असते. वयानं स्नायू सैलावले, त्यात जुनाट खोकला, शौचाला कुंथणं, जड उचलणं आलं, की उसवलेल्या उशीतून कापूस डोकवावा तशी आतली चरबी किंवा आतडं बाहेर येतं. अर्थात खात्री सर्जनच करतील. ते तुम्हाला उभं करून खोकायला लावतील आणि हातानं चाचपतील, बहुतेकदा तेवढं पुरतं.

गोळ्यांनी, मालिशीनं हे भोक बुजत नाही. कमरेचा पट्टा गाठ नुसती दाबून ठेवतो, तेव्हा तो मागवण्याच्या भानगडीत पडू नका. त्रास नसेल तर डॉक्टर कदाचित ‘थोडं थांबू’ म्हणतील, तेही चुकीचं नाही. मात्र माझं विचाराल तर तब्येत धडधाकट आहे तोवर उरकून टाकावं. कच्च्या जागी बारीक जाळी बसवतात, छेद घेऊन किंवा दुर्बिणीतून. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात आणि लगेच चालू-फिरू लागतात. जड उचलणं तेवढं काही आठवडे बंद. टाक्यांच्या आसपास, अगदी अंडकोशापर्यंत, सूज आणि काळंनिळं दिसलं तर घाबरू नका, ते ओसरतं. खोकला आला तर त्या जागेवर उशी दाबून धरायची.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा, पण मनानं बंद करू नका. लघवीला जोर करावा लागतो का, हेही सांगा. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तोही बघावा लागतो.

आई, हे तू नीट वाच. गाठ कडक झाली, आत जाईना, सारखी दुखायला लागली, वरची कातडी लाल-काळी पडली, उलट्या झाल्या किंवा वारा सरणं थांबलं, तर आतडं अडकलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते निकामी होतं. अशा वेळी गाठ आत ढकलत बसायचं नाही, बाबांना खायला-प्यायला काही द्यायचं नाही, रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं. ‘सकाळी बघू’ हे बाबांचं नेहमीचं वाक्य त्या दिवशी ऐकू नकोस.

आणि तुझ्या स्वतःच्या जांघेत कधी गाठ हाताला लागली तर लगेच दाखव. बायकांमध्ये तिथे आतडं अडकण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे तुला थांबायची मुभा नाही.

अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते कळवा, मी सोबत येते.

तुमची,
धाकटी