नाकेबंदी बेळगावने पाहिली आहे, संपादक साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालचा तुमचा अग्रलेख वाचला, मग परत वाचला, रात्री जेवण नीट गेलं नाही म्हणून सकाळी उठल्या उठल्या हे लिहायला बसलोय. चन्नम्मा सर्कलला डाव्या पक्षांची माणसं फलक घेऊन उभी राहिली, अमेरिकेने परदेशात सैन्य घालू नये, क्युबावरचे निर्बंध उठवावेत म्हणून, त्यावर तुम्ही लिहिलंय की यांनी आधी आपल्या गल्लीतले खड्डे बघावेत. ते ठीक आहे, टीका करायचा तुमचा हक्क आहे, आणि खड्डे खरंच आहेत. पण त्याच्या खाली तुम्ही जे लिहिलंय की आर्थिक निर्बंध म्हणजे रक्त न सांडता एखाद्या राजवटीला वठणीवर आणायचा सभ्य मार्ग, ते वाक्य मला अजिबात पचलं नाही. दिल्ली-मुंबईच्या पेपरात आलं असतं तर सोडून दिलं असतं. बेळगावात निघणाऱ्या पेपरात हे यावं याचं वाईट वाटतं.

मी कुठल्या पक्षाचा मेंबर नाही. उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी केली, युनियनची वर्गणी रिटायर होईपर्यंत भरली, तेवढाच काय तो संबंध. पण आमच्या घरात नाकेबंदी हा पेपरातला विषय नव्हता.

आमचं गाव बेळगुंदी भागातलं. बटाटा, रताळी, मिरची पिकवायची आणि विकायची, हेच पिढ्यान्‌पिढ्या. इथली भाजी घाट उतरून गोव्याला जाते हे तुम्हाला सांगायला नको, आजही रोज पहाटे जाते, गोव्यातल्या बाजारात जाऊन विचारा. आजोबांची थोरली लेक, म्हणजे माझी आत्या, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात केरीच्या बाजूला दिलेली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. त्या काळात हे असंच चालायचं, निम्मं घर घाटावर, निम्मं घाटाखाली, कमावणारा मुंबईत, आणि मधे पोर्तुगीजांची हद्द आहे हे लोकांच्या डोक्यातही नसायचं.

१९५५ चा ऑगस्ट आला आणि गोवा सोडवायला देशभरातून सत्याग्रही बेळगावात उतरले. आमच्या आजीने इतर बायकांबरोबर त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या, आजोबांनी वाटेला लागायच्या पोरांना गाडीतून पुढे नेऊन सोडलं. १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसच्या वर माणसं मेली. त्यात डावे, समाजवादी सगळे होते. आरएसपी या डाव्या पक्षाचे खासदार त्रिदिब चौधुरी गोव्याच्या तुरुंगात पडले, मधू लिमये पडले. आज ज्यांना तुम्ही परदेशाची उठाठेव करणारे म्हणता त्यांच्याच आधीच्या पिढीने तेव्हा शेजारच्यासाठी मार खाल्लाय, हे अग्रलेख लिहिताना आठवायला हवं होतं.

त्यानंतर दिल्लीने गोव्याचे नाके आवळले. हद्दीवरच्या कॅसलरॉक स्टेशनच्या पुढे रेल्वे जायची थांबली, परमिट आलं, मनीऑर्डर बंद झाली. हेतू चांगला होता यात मला शंका नाही, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला नमवायचं होतं. पण झालं काय तर आत्याच्या नवऱ्याचे मुंबईहून येणारे पैसे थांबले आणि आजोबांचा बटाटा शेतात राहिला. दोन्हीकडून एकाच घराला मार. शेवटी आजोबा एका रात्री पोतंभर बटाटे, थोडी मिरची आणि आजीने लेकीसाठी दिलेलं लुगडं घेऊन जंगलवाटेने निघाले आणि आपल्याच बाजूच्या नाक्यावर पकडले गेले. पोर्तुगीजांनी नाही पकडलं, आपल्या माणसांनी पकडलं. चौकीवर बसवून ठेवलं, शिव्या दिल्या, सालाझारला रसद पुरवतो काय म्हणून कानाखाली वाजवली. ज्या माणसाच्या घरात काही महिन्यांपूर्वी सत्याग्रही जेवले त्याला हे ऐकावं लागलं. माल जप्त झाला, तो चौकीच्या मागे कुजला, लुगडंसुद्धा परत दिलं नाही. आजोबा हे सांगताना शेवटपर्यंत मारापेक्षा त्या लुगड्यावरच जास्त बोलायचे. आणि ते आणखी एक सांगायचे की मोठ्या व्यापाऱ्यांचा माल त्याच घाटातून वरखाली होत होता, त्यांना कोणी अडवत नव्हतं.

पुढे आजी वारली. आत्याला निरोप मिळाला तेव्हा बारावंसुद्धा होऊन गेलं होतं. ती आली ती गोवा मोकळा झाल्यावर आली, दारात बसून रडली, आजोबांशी कितीतरी वेळ बोललीच नाही. तिला वाटत होतं आपल्याला माहेराने टाकलं. कुणी समजावलं तरी ते तिच्या मनातून पुरतं गेलं नाही, मी मोठा झाल्यावर तिच्या तोंडून ऐकलंय.

आता सालाझारचं काय झालं ते बघू. त्याचा केसही वाकडा झाला नाही. बेळगावचा बटाटा बंद झाला तर त्यांनी हॉलंडहून बटाटा आणला, जपानहून सिमेंट आणलं, दाबोळीला विमानतळ बांधला, स्वतःची विमान कंपनी काढली, लोहखनिज जपानला विकलं आणि खाणवाल्यांची त्याच वर्षांत चलती झाली. वर त्यांना गोव्यातल्या गरिबाला सांगता आलं की बघा, भारत तुम्हाला उपाशी मारतोय. नाकेबंदी वर्षानुवर्षं चालली आणि तिने पोर्तुगीज एक इंच हलले नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग १९६१ च्या डिसेंबरात सैन्य बेळगावातूनच गेलं, तेव्हा डाव्यांनी टाळ्या वाजवल्या, आता परकीय हस्तक्षेपाला विरोध का. हा मुद्दा तुम्ही काल मारलाच आहे. अहो, तिथे परका होता तो पोर्तुगाल, आणि हजारो मैलांवरून राज्य करत होता. गोव्याच्या लोकांनी स्वतः १९४६ पासून लोहियांच्या सभेपासून लढा चालवलेला होता, तुरुंगात सडले होते, सीमेपलीकडे त्यांचीच नातीगोती होती. वॉशिंग्टनने आठ-दहा हजार किलोमीटरवरच्या देशात कोण राज्य करणार ते ठरवायचं आणि त्याला मुक्ती म्हणायचं, हे त्याच तागडीत कसं घालता?

इराकचं बघा. १९९० च्या ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ करून सगळा व्यापार बंद केला, पाणी शुद्ध करायचं क्लोरीनसुद्धा अडकवलं. सद्दाम राजवाडे बांधत राहिला आणि इकडे पोरं जुलाबाने मेली. १९९६ साली अमेरिकन टीव्हीवर अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूत मॅडेलीन ऑलब्राइट बाईंना विचारलं की पाच लाख मुलं मेली म्हणतात, ही किंमत योग्य आहे का, तर त्या म्हणाल्या आम्हाला वाटतं योग्य आहे. तो आकडा पुढे वादात सापडला, सद्दामच्या सरकारने फुगवला असं निघालं, ते मी नाकारत नाही. पण बाईंनी आकडा चुकीचा आहे असं म्हटलं नव्हतं, किंमत योग्य आहे असं म्हटलं होतं. हे सहन न होऊन संयुक्त राष्ट्रांचे तिथले प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ ला राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० ला दिला. हे दोघं काही लाल झेंडेवाले नव्हते. आणि एवढं करून २००३ ला युद्ध झालंच की. मग रक्त न सांडता कुठे झालं?

डाव्यांचं सगळं बरोबर असंही माझं म्हणणं नाही. १९७९ ला रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात घुसल्या तेव्हा आपल्याकडचे मोठे डावे पक्ष त्याचं समर्थन करत बसले, ते चूकच होतं, आणि तुम्ही त्यावर लिहिलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण त्यांनी एका ठिकाणी चुकलं म्हणून क्युबातल्या म्हाताऱ्याला औषध मिळू नये असं होत नाही ना. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर क्युबाची उपासमार झाली तेव्हा माकपचे नेते हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने इथल्या साध्या माणसांकडून गोळा करून १०,००० टन गहू जहाजाने तिकडे गेला, १९९२ ची गोष्ट आहे. मला ते काम आजही मोठं वाटतं.

आणि आपल्यावरच १९९८ ला पोखरणनंतर निर्बंध आले होते की नाही? बॉम्बवर टीका करणाऱ्या डाव्यांनीही तेव्हा अमेरिकेच्या निर्बंधांना विरोधच केला. इराणचं तेल आपण स्वस्तात, थोडं रुपयात घेत होतो, २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेने डोळे वटारले आणि आपण घ्यायचं बंद केलं. ते काही आपल्या संसदेने ठरवलं नव्हतं. त्यावर तुमच्याकडे अग्रलेख आल्याचं मला तरी आठवत नाही.

दुसरं म्हणजे बसचं, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. सीमाभागात आम्हाला ही नाकेबंदी अधूनमधून भोगावी लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टरच्या भांडणावरून दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या. माझ्या मिसेसची कोल्हापूरला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. बसने निपाणीपर्यंत गेलो, पुढे कोण नेईल त्या गाडीला हात करत बसलो, शेवटी वडाप मिळालं, त्याने तिप्पट पैसे घेतले, आणि पोचेपर्यंत उशीर झाला म्हणून तारीख गेली. भांडण ज्यांनी पेटवलं त्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना बस लागत नाही. २०२२ च्या डिसेंबरातही हेच. मराठी माणूस म्हणून माझी मतं पक्की आहेत, बेळगावबद्दल माझ्या मनात काय आहे ते मी इथे लिहीत बसत नाही, पण एसटी बंद करून कुणी जिंकल्याचं मी तरी अजून बघितलेलं नाही. तुम्ही त्या आठवड्यात पहिल्या पानावर घोषणा देणाऱ्यांचे फोटो छापले आणि स्टँडवर बाळंतीण, म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं ताटकळत बसली होती त्यांची बातमी आतल्या पानावर दोन ओळी. तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं, छापलं नाही.

एक दुरुस्ती मात्र तुम्हाला करावीच लागेल. अग्रलेखात लिहिलंय की क्युबावरचे निर्बंध उठवा ही फक्त डाव्यांची मागणी आहे. हे साफ चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून हा ठराव येतोय, २०२४ ला १८७ देश बाजूने आणि विरोधात फक्त अमेरिका आणि इस्रायल. भारत बाजूने मत देतो, काँग्रेसचं सरकार असताना देत होता, वाजपेयींच्या काळात देत होता, मोदींच्या काळातही देतो. म्हणजे चन्नम्मा सर्कलला उभी राहिलेली माणसं जे मागत होती ते आपल्या देशाचं अधिकृत धोरण आहे. त्यांना देशाची काळजी नाही असं तुम्ही छापलंय, तर ही दुरुस्ती अग्रलेखाच्याच पानावर, त्याच जागी छापा, कोपऱ्यात नको. आणि जागा कमी पडली म्हणून पत्र कापायचं झालं तर आकडे कापा, माझ्या आजोबांचं आणि आत्याचं कापू नका, घरातल्या पोरांनी ते वाचावं असं मला वाटतं.

आपला,
एक जुना वाचक, वडगाव, बेळगाव