जोडी फुटल्यावर त्या मुलीचे काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी ऑलिंपिक आले की आपल्या क्रीडापानावर बर्फावरच्या जोडी स्केटिंगचे एखादे छायाचित्र हमखास झळकते. मुलाने एका हातावर डोक्याच्या वर तोलून धरलेली मुलगी, तिच्या चेहऱ्यावरचे हसू आणि खाली पदकविजेत्यांची नावे, एवढ्यात ते वृत्त आटोपते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठणाऱ्या जळगाव-भुसावळच्या वाचकाला या खेळाशी काय देणेघेणे, असे कोणीही विचारील. माझ्या मते ते आहे आणि बरेच आहे. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. कोवळ्या वयात खेळाला वाहून घेतलेली मुले नोकरीभर जवळून पाहिली. म्हणूनच एकातेरिना अलेक्झांद्रोव्स्काया या जोडी स्केटरच्या कारकिर्दीची हकिगत आपल्या भागातील पालकांसमोर आणि खेळाचा कारभार पाहणाऱ्यांसमोर यावी, असे मला मनापासून वाटते.

एकातेरिना मूळची मॉस्कोची, जन्म १ जानेवारी २००० चा. ज्या देशासाठी सोव्हिएत काळात इरिना रोदनिनाने १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जोडी स्केटिंगमध्ये मिळवली, तिथे या खेळात गुणी मुलींचा तोटा नाही. तोटा असतो तो संघातल्या जागांचा. उलट सिडनीच्या पश्चिम उपनगरातला हार्ली विंडसर हा ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी समाजातील मुलगा जोडीदार मुलगी मिळत नसल्यामुळे अडला होता. लहानपणी आईबरोबर गाडीतून जाताना वाट चुकली, ब्लॅकटाउनचा आइस रिंक नजरेस पडला आणि तिथून त्याचे स्केटिंग सुरू झाले, असे त्याच्याविषयी सांगतात. त्याच्या रशियन वंशाच्या प्रशिक्षकांनी मॉस्कोत शोध घेतला, दोघांचे बर्फावर जुळले, आणि २०१६ मध्ये ही मुलगी सोळाव्या वर्षी घरदार सोडून सिडनीला राहायला आली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती.

पुढचे यश मात्र डोळे दिपवणारे होते. मार्च २०१७ मध्ये तैपेई येथे या दोघांनी कनिष्ठ गटाचे जगज्जेतेपद मिळवले. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या फिगर स्केटिंगमधील विजेतेपद ऑस्ट्रेलियाला त्याआधी कोणत्याही गटात मिळाले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागोया येथे कनिष्ठ ग्रां प्रीची अंतिम स्पर्धाही त्यांनी जिंकली. ऑलिंपिकमध्ये दोघांनाही एकाच देशाचे नागरिक असावे लागते, म्हणून मधल्या काळात एकातेरिनाला ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व देण्यात आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्याँगचांगला हार्ली हिवाळी ऑलिंपिक खेळणारा पहिला ऑस्ट्रेलियन मूलनिवासी ठरला. तिथे शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, ही जोडी अठरावी आली. पुढच्या फेरीत सोळाच जोड्या जातात. त्यानंतर दुखापती आल्या, आजारपण आले, अपस्माराचे निदान झाले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिने खेळ सोडला. जुलै २०२० मध्ये मॉस्कोत तिचा मृत्यू झाला तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती.

तिच्या मृत्यूच्या तपशिलात मी जाणीवपूर्वक जात नाही. तिच्या प्रशिक्षकांनी किंवा जोडीदाराने काही कमी केले, असेही मला म्हणायचे नाही. प्रश्न असा आहे की जोडी जुळवण्यासाठी, व्हिसासाठी, नागरिकत्वासाठी इतकी माणसे आणि कार्यालये धावपळ करतात. मग जोडी फुटल्यानंतर त्या मुलीची विचारपूस करणे ही कोणाची जबाबदारी, हे आधीच कागदावर का ठरलेले नसते?

हा प्रश्न जोडी स्केटिंगमध्ये फार तीव्र आहे, कारण या खेळात एकट्याच्या हाती काहीच नसते. धावपटू जखमी झाला तर पुन्हा एकटा धावू लागतो. इथे चार वर्षे केलेला सराव त्या एका जोडीदाराच्या उंचीला, ताकदीला आणि वेळेच्या अंदाजाला बांधलेला असतो. शॉर्ट प्रोग्रॅम दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा, फ्री स्केट, म्हणजे दुसरी फेरी, चार मिनिटांची. एवढ्या अवधीत मुलगा मुलीला हवेत फेकतो, ती फिरून एका पायावर, सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या पात्यावर उतरते, आणि ट्विस्टमध्ये तर तिला वर उडवून फिरत्या अवस्थेत पुन्हा झेलायचे असते. डोक्यावर हेल्मेट नसते. मुलगी जितकी लहानखुरी तितके हे सारे सोपे, आणि मुलगी वाढीच्या वयात असल्यामुळे तिची उंची व वजन बदलणे तर अटळ. निसर्गाने होणाऱ्या या वाढीला शिबिरांमध्ये जणू तिचा दोष समजले जाते. याचा ताण त्या वयाच्या मनावर काय येत असेल, हे मुलींना खेळ शिकवलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

धोका किती खरा आहे, हे एलेना बेरेझनायाच्या उदाहरणावरून समजते. जानेवारी १९९६ मध्ये रिगा येथे सरावात दोघे शेजारी शेजारी गिरकी घेत असताना तेव्हाच्या जोडीदाराच्या स्केटचे पाते तिच्या कवटीत घुसले. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, वाचा गेली, बोलणे पुन्हा शिकावे लागले. नव्या जोडीदारासोबत, अंतोन सिखारुलिझेसोबत, तिने १९९८ मध्ये ऑलिंपिक रौप्य आणि २००२ मध्ये सुवर्ण मिळवले. ही जिद्द वंदनीयच आहे, परंतु आपण वर्गात मुलांना फक्त तिचे सुवर्ण सांगतो आणि रिगामधला तो सराव गाळतो, हे मला पटत नाही.

मुलींना कोवळ्या वयातच शिखरावर नेण्याच्या घाईचे म्हणावे तर तीही अनाठायी आहे. एकातेरिना ज्या प्याँगचांगला पहिल्याच फेरीत बाद झाली, तिथेच आल्योना सावचेन्को चौतिसाव्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकमध्ये, ब्रुनो मासोसोबत सुवर्णपदक जिंकली, तेही चीनच्या जोडीपेक्षा अवघ्या ०.४३ गुणांनी. कॅनडाकडून खेळणाऱ्या डिआना स्टेलाटो-डुडेकने दुखापतीमुळे लहान वयातच खेळ सोडला होता. सोळा वर्षांनी ती परतली आणि २०२४ मध्ये चाळिसाव्या वर्षी जोडी स्केटिंगची जगज्जेती झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२२ मध्ये वरिष्ठ गटाचे किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचा निर्णय घेतला. पंधराव्या वर्षी मुलीने शिखर गाठलेच पाहिजे, हा हट्ट खेळाचा नव्हे, मोठ्या माणसांचा असतो.

आता खान्देशाविषयी. आपल्याकडे बर्फ नाही, पण चाकांवरचे स्केटिंग आहे. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये रोलर स्केटिंगचा समावेश आहे आणि त्यातल्या आर्टिस्टिक, म्हणजे कलात्मक, प्रकारात जोडीने स्केटिंग केले जाते. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी याच जोडी प्रकारात भारताला कांस्यपदक मिळवून दिले होते, हे आज फार थोड्यांना आठवते. माझ्या ओळखीतली सातवीतली एक मुलगी अशाच जोडीत सराव करत असे. ऊन चढायच्या आत, सिमेंटच्या मैदानावर, उचलण्याआधी ती जोडीदाराच्या मनगटावर दोन बोटांनी हलकेच ठोका देई. तो त्यांचा संकेत होता. उजव्या स्केटचा पुढचा रबरी ब्रेक एका बाजूने पार झिजलेला होता, कारण ती नेहमी त्याच पायावर उतरायची. कठड्यापाशी उभी असलेली तिची आजी दर वेळी पुटपुटे, “पोर पडनी ते कोन देखी?” पुढे तो मुलगा अकरावीच्या क्लाससाठी बाहेरगावी गेला. जोडी मोडली आणि दुसरा मुलगा मिळेना. मुलीला कोणी काही समजावून सांगितले नाही; तिने तो सारा दोष स्वतःकडे घेतला आणि स्केट्स बांधणे बंद केले.

स्केटिंगची मुले तरी संध्याकाळी घरी येतात. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरकडची आदिवासी मुले दहा-बारा वर्षांची असताना धावण्यासाठी, कुस्तीसाठी, तिरंदाजीसाठी निवासी प्रशिक्षणाला दूर पाठवली जातात. पाठवू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण, सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण आणि दोन वेळचा चांगला आहार यांचे मोल ज्या घरात कळते, त्या घरांना कोणी उपदेश करू नये. पण माझ्या एका विद्यार्थिनीचा गुडघा दुखावल्यावर एका निवासी संस्थेने तिला सुट्टीच्या नावाखाली घरी पाठवले आणि पुन्हा बोलावलेच नाही. ना वैद्यकीय कागद, ना शाळेचा दाखला वेळेवर; तिचे वडील त्या एका दाखल्यासाठी मजुरी बुडवून चकरा मारत राहिले. एकातेरिनाच्या दुःखाची आणि या मुलीच्या परवडीची बरोबरी मी करीत नाही. दोघींच्या बाबतीत एकच गोष्ट सारखी आहे: घेऊन जायला माणसे होती, परत आल्यावर विचारायला कोणी नव्हते.

यावर काही उपाय फार खर्चाचे नाहीत. मुलाला बाहेर पाठवताना पालकांच्या हाती मराठीत लिहिलेला करार असावा आणि दुखापतीचा खर्च कोण करणार, शिक्षण कसे चालू राहणार, घरी फोन केव्हा करता येणार, हे त्यात स्पष्ट असावे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने खेळ सोडून परतलेल्या मुलांची नोंद ठेवावी आणि किमान वर्षभर त्यांच्या शाळेशी संपर्क ठेवावा. जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाची भेट निवासी खेळाडूंना महिन्यातून एकदा तरी मिळावी, तीही प्रशिक्षक समोर नसताना, कारण मूल प्रशिक्षकासमोर मोकळेपणाने बोलत नाही. जोडीच्या प्रकारात तर संघटनेने पहिल्या दिवसापासून पालकांना सांगावे की जोडीदार बदलणे हा या खेळाचा नेहमीचा भाग आहे आणि पर्यायी जोडीदार शोधणे हे त्या मुलीचे नव्हे, संघटनेचे काम आहे. मुलींच्या वजनाविषयी चारचौघांत बोलण्यास तर सक्त मनाई हवी.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. राज्यस्तरीय वा राष्ट्रीय स्पर्धेतून पदक घेऊन आलेल्या मुलांची छायाचित्रे आपण आवर्जून छापता, त्याने त्या घरांना केवढे बळ मिळते, हे मी पाहिले आहे. त्याच छायाचित्रांतील मुले तीन-चार वर्षांनी कुठे आहेत, याचाही शोध आपल्या जळगाव, धुळे व नंदुरबारच्या वार्ताहरांनी घ्यावा. खेळ सुटलेल्यांना, जखमी झालेल्यांना, जोडीदाराविना राहिलेल्यांना नावानिशी नव्हे, तर त्यांच्या संमतीने आणि ओळख जपून बोलते करावे. आपण असे काही हाती घेतल्यास त्या मुलांच्या घरांपर्यंत पोहोचण्यासाठी लागेल ती मदत मी आणि माझे काही निवृत्त सहकारी आनंदाने करू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जळगाव