आईला श्वास सोडायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

नमस्कार ताई,

तुमच्याकडे रोज एवढे पेशंट येतात, आम्ही लक्षात असू का माहीत नाही, पण साताऱ्याकडच्या नऊवारीतल्या आजी, ज्या भेटेल त्याला "मी कधी बिडीकाडीला हात लावला नाही हो" म्हणून सांगायच्या, त्या म्हटलं तर कदाचित आठवेल. ती माझी आई. ती आता बरीच बरी आहे, म्हणजे आजार गेलेला नाही, पण अंगणातून ओट्यावर येताना मध्ये बसावं लागत नाही. त्याचे आभार मानायचे होते, तोंडावर नीट जमले नसते म्हणून लिहितेय.

आधी जिथे दाखवायचो तिथे वय झालं, अ‍ॅलर्जी आहे, दमा आहे असं सांगून खोकल्याचं औषध द्यायचे, वर्षानुवर्षं हेच चाललेलं, फुंकून बघायची टेस्ट कुणी केलीच नाही. तुमच्याकडे स्पायरोमेट्री झाली, मग श्वासनळ्या मोकळ्या करायचं औषध देऊन थोड्या वेळाने परत केली, तरी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकेच्या ७० टक्क्यांच्या खालीच राहिली. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार. डॉक्टरांनी नाव सांगितलं पण ते आम्हाला समजावलं तुम्ही. आई म्हणायची हवा आत जात नाही, आणि तुम्ही तिला सांगितलंत की आजी, आधीची हवाच बाहेर पडत नाही म्हणून नवीन हवेला जागा होत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा लख्ख प्रकाश पडला. झालेलं नुकसान भरून येत नाही पण उरलंय ते जपता येतं, हेही तुम्ही न घाबरवता सांगितलंत.

आणि मुख्य म्हणजे तुम्ही विचारलंत की स्वयंपाक कशावर केला एवढी वर्षं? शेणी, ऊसाचं पाचट, पावसाळ्यात ओलं सरपण, खिडकी नसलेली चूल. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहिलंय, चुलीचा धूर त्यात मोठं कारण आहे, तरी आजही बाईमाणूस खोकली की कुणाला चूल आठवत नाही याचा मला फार राग येतो. आमच्याकडे गॅस आला पण आंघोळीचं पाणी बंबावरच तापायचं, तेही तुम्ही खोदून खोदून विचारलंत म्हणून कळलं. बंब बंद केला लगेच.

मग तुम्ही म्हणालात, रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली औषधाची पावडर तोंडाने ओढायचं ते यंत्र, माझ्यासमोर घ्या. आईने तोंडाला लावून आधी त्यातच फूक मारली, मग हलकंसं ओढलं. तुम्ही उघडून कॅप्सूल दाखवलीत, अर्धी पावडर आतच! श्वासाच्या दमटपणाने ती पावडर चिकटते आणि जोरात ओढायची ताकद तिच्यात राहिली नव्हती, म्हणजे महागाचं औषध असंच वाया जात होतं. तुम्ही डॉक्टरांशी बोललात, पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लिहून आला, आधी हलवायचा, एक दाब, हळू मोठा श्वास, दहापर्यंत रोखायचा, नंतर खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर पंपातल्या स्टिरॉइडने तोंड येतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळवायचा, पुसायचा नाही, घासलं की प्लॅस्टिकला औषध चिकटतं. हे बॉक्सवरच्या कागदात बारीक अक्षरात असेलही, पण आईला वाचता येत नाही ताई, तिला हात धरूनच दाखवावं लागतं आणि ते तुम्ही केलंत.

श्वास सोडायचं तर तुम्ही तिच्याच भाषेत शिकवलंत, फुंकणी धरल्यासारखा ओठांचा चंबू करा पण फुंकायचं जोरात नाही, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. कळशी उचलताना श्वास सोडत उचलायची, आंघोळ स्टुलावर बसून. धाप लागली की पुढे वाकून हात मांडीवर. ती आता शेजारणींना करून दाखवते!

ऑक्सिजनचं पण सांगायलाच हवं. मागच्या थंडीत तिला अ‍ॅडमिट करावं लागलं, कफ पिवळा झाला होता, तेव्हा पाहुणे मंडळी म्हणायला लागली की ऑक्सिजन वाढवा, ९८-९९ करा. तुम्ही आधी सांगून ठेवलं होतंत की तिच्यासारख्यांच्या रक्तातला ऑक्सिजन डॉक्टर ८८ ते ९२ टक्क्यांमध्येच ठेवतात, उगाच जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो आणि पेशंट गुंगीत जातो. म्हणून मी तिथे ठाम उभी राहिले, नळाच्या चकतीला कुणाला हात लावू दिला नाही.

यंदाची फ्लूची लस झाली, न्यूमोनियाचीही घेतलीय. अंगणात सकाळ-संध्याकाळ चालते, थोडं थोडं चार वेळा खाते. आमच्या धाकट्या काकूलापण सारखा खोकला आहे, तिची पण सगळी हयात चुलीपुढेच गेली, तिला पुढच्या आठवड्यात तुमच्या ओपीडीला घेऊन येतेय, तेवढं फुंकायच्या टेस्टचं डॉक्टरांना आधी सांगून ठेवा.

तुमची,
नऊवारीतल्या आजींची लेक